आधी गुडघा, मग चेहरा: पॉमेरेनियन घेणाऱ्या ठाण्याच्या ताईंना

ताई, तुमचं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. त्यातला प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर, १२ वर्षांची मुलगी, सासूबाई दिवसभर घरी. पॉमेरेनियन कुत्रं घ्यायचं नक्की झालंय. एकाने ‘टीकप पॉम’, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढा लहान, ६५ हजारांना सांगितलाय, दुसऱ्याने ‘कल्चर पॉम, विदाऊट पेपर’ १८ हजारांना, आणि तिसऱ्या एक बाई म्हणतात की आत्ता पिल्लूच नाही, दोन-अडीच महिने थांबा. मुलीला डॉग शोमध्ये उतरायची हौस आहे. सासूबाई म्हणतात, एवढे पैसे कशाला, आमची राणी तर शेजाऱ्यांनी फुकट दिली होती. तर कुणाकडून घ्यावं, आणि काय बघून?

तिसऱ्या बाईंकडे जा. आणि पिल्लू बघायला नको, आधी आई बघायला जा. पिल्लं सगळ्यांचीच गोड असतात. दोन महिन्यांचा लोकरीचा गोळा हातात आला की भल्याभल्यांची अक्कल गुंडाळली जाते. माझीही गेली होती, आणि मी तेव्हा जनावरांची डॉक्टर होऊन बसले होते. ते पुढे सांगतेच.

आधी सासूबाईंच्या राणीबद्दल, कारण निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो. माझा अंदाज सांगू? राणी पांढरीशुभ्र होती, नाक लांबट टोकदार, शेपटीचा झुबका पाठीवर, मांजरापेक्षा चांगली मोठी, आणि दूध-पोळी खाऊन १४-१५ वर्षं जगली. आपण सगळे तिला ‘पामेलियन’ म्हणायचो. ती पॉमेरेनियन नव्हती, इंडियन स्पिट्झ होती. इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून ही आपल्याकडेच घडली, आणि परदेशी जातींची आयात अवघड होती त्या ऐंशी-नव्वदच्या दशकात वाड्या-चाळींतून घरोघर पसरली. लहान चणीची ५ ते ७ किलोंची, मोठ्या चणीची १२ किलोंच्या पुढे. आपल्या उकाड्याला सरावलेली, काटक, आणि राखणीला अगदी तिखट. सासूबाईंच्या मनात राणीच असेल तर स्पष्ट तसं ठरवा आणि चांगली इंडियन स्पिट्झ शोधा, त्यात काहीच कमीपणा नाही. फक्त तिला पॉमेरेनियनचे पैसे मोजू नका. तुमचा तो १८ हजारांचा ‘कल्चर पॉम’ बहुधा हाच माल आहे, किंवा पॉम आणि स्पिट्झ यांचा संकर. ‘कल्चर पॉम’ नावाची जात जगातल्या कुठल्याही केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, पुस्तकात नाही. कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत विक्रेत्यांच्या तोंडी मात्र आहे.

खरा पॉमेरेनियन हे जर्मन स्पिट्झ घराण्याचं शेंडेफळ. नाव पडलं बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतावरून. तो भाग आज पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलाय. मूळची कुत्री चांगली थोराड होती. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली इटलीत फ्लॉरेन्सला असताना मार्को नावाचा पॉम घेतला, त्याचं वजन होतं सुमारे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. व्हिक्टोरियाला आवडला म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान पॉम हवासा झाला. आज अमेरिकन मानक ३ ते ७ पौंड सांगतं, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. ब्रिटिश मानकात नर १.८ ते २ किलो आणि मादी २ ते २.५ किलो. आपली केनेल क्लब ऑफ इंडिया, जिला सगळे केसीआय म्हणतात, ती ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेली आहे तिचं मानक वजनाऐवजी उंची बघतं: खांद्यापाशी २१ सेंटिमीटर, तीन इकडे-तिकडे चालतात.

हा इतिहास मी उगाच उगाळत नाहीये. सव्वाशे वर्षांत एक कुत्रं निम्म्यावर आणलं, पण हाडं, सांधे, श्वासनळी, दात हे सगळं त्याच प्रमाणात सुबकपणे आक्रसलं नाही. दात तेवढेच, जबडा मात्र अर्धा. गुडघ्याची वाटी बसते ती खाच उथळ. श्वासनळीच्या कूर्चेच्या कड्या मऊ. पॉमचे जे आजार मी टेबलावर रोज बघते त्यातले बरेचसे या आक्रसण्याचे आहेत. म्हणून जितकं आणखी लहान मागाल तितकं हे सगळं आणखी बिघडत जातं.

‘टीकप’चं आता वेगळं सांगायला नको. वरच्या तिन्ही मानकांत टीकप, मायक्रो, मिनी असा प्रकार नाही. वर दिलेले ब्रिटिश आकडे पुन्हा बघा: मादी नरापेक्षा जड अपेक्षित आहे. कारण सोपं, तिला बाळंत व्हायचं असतं. जाणता ब्रीडर दीड किलोच्या मादीला मुळी लावतच नाही, कारण पिल्लं अडतात आणि रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागतं. मग हे टीकप येतात कुठून? एकतर वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू. किंवा उपाशी ठेवलेलं. किंवा, आणि हे सर्रास चालतं, वय खोटं सांगितलेलं. गेल्या पावसाळ्यात एक जोडपं असं पिल्लू ओंजळीत घेऊन आलं. ‘दोन महिन्यांचा टीकप आहे, सकाळपासून मान टाकतोय.’ वजन ४३० ग्रॅम. तोंड उघडून बघितलं तर पुढचे दात आणि सुळे आलेले, मागच्या दाढा अजून हिरडीतच. छोट्या जातींत दात थोडे उशिरा येतात हे धरूनसुद्धा ते पिल्लू सहा आठवड्यांच्या पलीकडचं नव्हतं. आईपासून तोडलं, दिवसभर गाडीत फिरवलं, पोटात काही नाही, रक्तातली साखर उतरली. हिरड्यांना मध चोळला, सलाईन लावलं, ते वाचलं. सगळी वाचत नाहीत. दोन महिन्यांचं निरोगी पॉमचं पिल्लू साधारण पाऊण किलोच्या आसपास भरतं. त्याच्या निम्मं वजन दाखवून कुणी कौतुकाने जादा पैसे मागत असेल तर तिथून उठा.

आता गुडघा. २००१ साली मी स्वतःसाठी पहिला पॉम घेतला, शोमध्ये न्यायचा म्हणूनच. नारिंगी रंग, बटणासारखे डोळे, कान केसांत बुडालेले. नाव ठेवलं मोदक. ज्या माणसाकडून घेतला त्याच्याकडे भिंतभर रोझेट, म्हणजे शोमध्ये जिंकलेल्या फितींची फुलं, लावलेले होते. ते बघून मी काही विचारलंच नाही. ना आई बघितली, ना गुडघे चाचपले. आठ महिन्यांचा झाल्यावर हिवाळ्यातल्या एका शोमध्ये रिंगमध्ये उतरवला. चार पावलं दुडक्या चालीने छान धावला, मग दोन पावलं मागचा डावा पाय उचलून लंगडी घातली, मग परत दुडदुड. मला वाटलं पायात खडा गेला असेल. परीक्षकांनी टेबलावर घेतलं, गुडघ्यावर अंगठा ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता पुढच्या कुत्र्याकडे गेले. घरी येऊन मी स्वतः तपासला: वाटी आतल्या बाजूला सरकत होती आणि स्वतःहून परत येत नव्हती. तिसरी श्रेणी. दीड वर्षाचा असताना शस्त्रक्रिया केली आणि त्याच वेळी नसबंदीही. मोदक १३ वर्षं राहिला, सुखात राहिला, पण त्याच्या आई-बापाचे गुडघे मी घेण्याआधी तपासायला मागितले असते तर तो माणूस पुढची तीन वेतं तरी त्या जोडीतून काढायला धजावला नसता.

हा दोष पॉममध्ये इतका आढळतो की चांगला ब्रीडर त्याविषयी स्वतःहून बोलतो. वाटी अजिबात न सरकणारा गुडघा शून्य, आणि पुढे चारपर्यंत श्रेण्या. एक म्हणजे दाबली तर सरकते, सोडली की जागेवर जाते. चार म्हणजे कायमची बाहेर. आठ आठवड्यांच्या पिल्लात यातलं पक्कं काही सांगता येत नाही, सांधे तेव्हा ढिलेच असतात. म्हणूनच म्हणते, आई बघा. आई आणि बाप दोघंही वर्षाच्या पुढची असतील तर त्यांचे गुडघे कुठलाही पाळीव प्राण्यांचा डॉक्टर पाच मिनिटांत हाताने तपासून लिहून देतो. ते लिहिलेलं मागा. ‘आमच्या लाईनमध्ये (म्हणजे वंशात) तसलं काही नाही’ हे उत्तर चालणार नाही. ‘आईचा शून्य आहे, बापाचा डावा एक आहे, म्हणून मी त्याला शून्यवाल्या मादीलाच लावते’ असं सांगणारी बाई भेटली तर तिच्याकडे बिनधास्त बसा.

केसांचंही तसंच. पॉमला एक आजार होतो, त्यात दोन-तीन वर्षांचा झाला की मांड्यांच्या मागचे, मानेचे, शेपटीचे केस झडू लागतात, खाली कातडी काळी पडते. खाज नाही, पू नाही, कुत्रं मजेत खेळतंय, फक्त टक्कल. नरांमध्ये जास्त. लोक खोबरेल तेल लावतात, कडुलिंबाचं पाणी करतात, डॉक्टर बदलतात. नसबंदीनंतर काहींना केस परत येतात, काहींना नाही. कल घराण्यातूनच येतो, आणि ऐन शोच्या वयात हे कुत्रं सगळ्यात दाट केसांचं, कापसासारखं मऊ दिसत असण्याची शक्यता असते. आठ महिन्यांच्या कुत्र्याचा फोटो बघून काहीच कळत नाही. आजी-आजोबांचा चार-पाच वर्षांच्या वयातला, मागच्या बाजूने काढलेला फोटो मागा. विचित्र वाटेल मागायला, पण ज्याच्याकडे तो आहे तो हसत दाखवेल. उलट पिल्लू चार ते दहा महिन्यांचं असताना लहानपणीचे केस गळून ते उंदरासारखं दिसायला लागतं, तेव्हा मात्र घाबरून जाऊ नका. सगळ्यांचंच होतं. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी ‘डॉक्टर, फसवलं हो आम्हाला’ म्हणून असं कुत्रं घेऊन येतं आणि वर्षाच्या शेवटी तेच पेढे घेऊन येतं.

सासूबाईंना एक काम द्या. पिल्लाच्या डोक्यावर मधोमध बोट फिरवून टाळू भरली आहे का ते बघायला सांगा. बाळाची टाळू चाचपलेला हात असतो त्यांचा, तुमच्या-माझ्यापेक्षा बरोबर कळेल. छोट्या जातींत दोन महिन्यांना मसुराएवढी मऊ जागा राहते आणि पुढे भरते, पण रुपयाएवढी पोकळी लागली, डोकं घुमटासारखं आणि डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले, तर ते पिल्लू कितीही गोड असू दे, नको. शोमध्ये न भरलेली टाळू हा बाद करणारा दोष आहे. त्याच हाताने पोटावर बेंबीपाशी फुगवटा आहे का बघा, आणि गळ्यावरून अगदी हलकं बोट दाबा. आईच्या गळ्यावरूनही. आईने भोंग्यासारखा कोरडा खोकला काढला तर श्वासनळी मऊ असल्याचा संशय घ्या. पट्टा गळ्यात न घालता छातीचा हार्नेस का घालायचा, तेही याचसाठी. हृदयाचा ठोका मात्र घरी कळत नाही. पॉममध्ये जन्मतः एक रक्तवाहिनी उघडी राहण्याचा दोष येतो, स्टेथोस्कोपने तो पहिल्या तपासणीतच ऐकू येतो. त्यामुळे पैसे देताना ‘४८ तासांत आमचे डॉक्टर तपासतील, दोष निघाला तर परत’ हे कागदावर घ्या.

रंगाबद्दल एवढंच की तुमच्या मुलीला निळ्या डोळ्यांचा, ठिपक्या-ठिपक्यांचा ‘एक्झॉटिक मर्ल’ कुणी दाखवला तर फोटो पुढे सरकवा. मर्ल आणि मर्ल एकत्र लावले की सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून तो घटक मिळतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा डोळ्यांनी अधू निघण्याचा मोठा धोका असतो. नारिंगी घ्या, क्रीम घ्या, काळा घ्या. माझ्या मते काळा पॉम आपल्याकडे विनाकारण मागे पडतो; चांगला काळा रिंगमध्ये उभा राहिला की दुसरीकडे बघवत नाही. नारिंगी पिल्लं लहानपणी मळकट उंदरी दिसतात, तेव्हा कानामागचे केस बघा, मोठेपणीचा रंग साधारण तिथे दिसतो.

आता कागद. ‘विदाऊट पेपर’ म्हणजे स्वस्त आणि ‘विथ पेपर’ म्हणजे उत्तम, असा समज आहे. केसीआयचा कागद हा सातबाऱ्यासारखा असतो. जमीन कुणाची, आधी कुणाच्या नावावर होती, ते त्यावरून कळतं; विहिरीला पाणी आहे का ते कळत नाही. शोला उतरवायचं तर तो हवाच, नुसतं घरात ठेवायचं तरी असावा, कारण त्यावरून आई-बाप, आजे-पणजे सापडतात आणि वर सांगितलेली चौकशी करता येते. त्यावर कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर असतो. पैसे देण्याआधी पिल्लाच्या मानेवरून स्कॅनर फिरवून तो नंबर कागदाशी जुळवा. ‘चिप नंतर बसवू, कागद पोस्टाने येईल’ यात अडकलेले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. कागद आला, पण दुसऱ्याच कुत्र्याचा. मालकी बदलण्याच्या अर्जावर ब्रीडरची सही त्याच दिवशी घ्या.

कायदाही तुमच्या बाजूला आहे, फक्त कुणी वाचत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिला लावता येत नाही. तुमच्या टीकपवाल्याने ‘रशियन इम्पोर्ट लाईन’ असंही सांगितलंय ना? व्यापारी प्रजननासाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ मध्ये निर्बंध आले. बाप खरंच बाहेरून आला असेल तर त्याचा परदेशी केनेल क्लबचा कागद आणि आयातीची कागदपत्रं असणारच. दाखवा म्हणा. बहुतेक वेळा पुढच्या वाक्याला विषय बदलतो.

प्रत्यक्ष जाल तेव्हा काय दिसायला हवं ते सांगते. रविवारी सकाळी, आधी फोन करून जा, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाची कुत्री हाताळून जाऊ नका. पार्व्हो, हा पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा रोग, कपड्यांवरूनही जातो. पहिला वास. पिंजऱ्यांचा, फिनाईलखाली दडपलेल्या मुताचा वास आला तर ते दुकान आहे, घर नव्हे. किती पिल्लं आहेत बघा. पॉमला एका वेताला एक, दोन, तीन पिल्लं होतात, कधीतरी चार. एकाच वयाची आठ-नऊ पिल्लं मांडून ‘सगळी घरची’ सांगितली, तर ती गोळा केलेली आहेत. याच कारणाने चांगल्या ब्रीडरकडे नेहमी पिल्लू नसतं आणि थांबावं लागतं. तुमच्या तिसऱ्या बाईंचं ‘दोन-अडीच महिने थांबा’ मला आवडलं ते याचसाठी. मादी व्यायला दोन महिने लागतात आणि मग आणखी दोन महिने पिल्लं आईजवळ राहतात. म्हणजे त्यांच्याकडे आत्ता बहुधा नुकती जन्मलेली पिल्लं आहेत आणि त्या अजून कुणाला दाखवत नाहीयेत. विचारून बघा.

आई समोर आणली की तिचे केस बघू नका. पिल्लं पाजून झालेल्या मादीचे केस गळतातच, ती बिचारी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते आणि ते स्वाभाविक आहे. उलट दोन महिन्यांची पिल्लं आणि आई मात्र झुपकेदार, चकचकीत, असं दिसलं तर ती आई आहे का हाच प्रश्न. तिची चाल बघा, बैठकीच्या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ द्या. मागून बघा, गुडघे आत वळतात का, मध्येच लंगडी घालते का. तिचा स्वभाव बघा. भुंकणार, पॉम आहे ती. पण भुंकून झाल्यावर दोन मिनिटांत तुमचा बूट हुंगायला येते की सोफ्याखाली थरथरत बसते? भेदरट आईची पिल्लं तिच्याकडून तेच शिकतात, आणि मग दिवाळीत चार दिवस पलंगाखालून निघत नाहीत.

तुमच्या मुलीच्या शोच्या हौसेबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला ‘शो क्वालिटी’ म्हणून कुणी विकत असेल तर तो ज्योतिष विकतोय. त्या वयात फक्त आशा दिसते. सहा-सात महिन्यांना दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा चावा कात्रीसारखा जुळतो की खालचा जबडा पुढे जातो ते कळतं. पॉममध्ये दुधाचे सुळे पडतच नाहीत असंही होतं, एकाशेजारी एक दोन सुळे. मग भूल देऊन काढावे लागतात. नराचे दोन्ही वृषण उतरले का हे त्याच सुमाराला पक्कं होतं, आणि एक जरी वर राहिला तरी रिंगचा रस्ता बंद. उंची, शेपटीची पाठीवरची बैठक, गुडघा, सगळं तेव्हा कळायला लागतं. म्हणून शोच करायचा असेल तर सहा-आठ महिन्यांचं, ब्रीडरने स्वतःसाठी राखून ठेवलेलं आणि मग मन बदललेलं कुत्रं घ्या. महाग पडेल, आणि केस गळतीच्या वयातलं असल्याने दिसायला रोडावलेलं असेल. तुमच्या मुलीला ते पटेल का, हे तुम्ही ठरवा.

नाहीतर असं करा. त्याच बाईंच्या त्याच वेतातलं ‘पेट’ म्हणून वेगळं काढलेलं पिल्लू घ्या. विशेषतः मोठ्या हाडाचं. चांगल्या लाईनमध्येही एखादं पिल्लू व्हिक्टोरियाच्या मार्कोवर जातं आणि चार-साडेचार किलोंचं होतं. रिंगमध्ये त्याला कुणी विचारत नाही, ब्रीडर ते कमी पैशात देते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, १२ वर्षांच्या मुलीबरोबर उड्या मारायला त्याहून चांगला पॉम नाही. तेच आई-बाप, तेच तपासलेले गुडघे, आणि पायाखाली आलं तर लगेच हाड मोडत नाही. माझ्याकडे मोदकनंतर आलेल्या दोन्ही माद्या अशाच ‘मोठ्या झाल्या’ म्हणून मिळालेल्या. मुलीला हाताळणी शिकायचीच असेल तर याच कुत्र्यावर शिकू दे. छोट्या जाती शोमध्ये टेबलावर तपासतात, तेव्हा ओट्यावर जाड टॉवेल टाकून रोज दोन मिनिटं उभं करायचं, दात दाखवायचे, पाय हाताळू द्यायचे. अंगावर पाण्याचा हलका फवारा मारून मुळापासून थर थर उलगडत विंचरायचं. दोन वर्षांनी हौस टिकली तर दुसरं कुत्रं शोचं घ्या. बहुतेकांची टिकत नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

घरात बदल फार नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर जिथे ते जास्त धावेल तिथे सतरंजी टाका. घसरणारे पाय आणि नाजूक गुडघे यांचं जमत नाही. सोफ्यावरून उडी बंद, पायरी ठेवा. उन्हाळ्यात केस भादरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तो दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा मशीन फिरवलं की काहींचे केस परत नीट येतच नाहीत. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कानामागे आणि बोटांच्या मध्ये गोचीड शोधा. आणि सोसायटीत वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधीच एकदा चहाला बोलवून पिल्लू दाखवा. पॉम भुंकतो, त्याची तक्रार ओळखीच्या माणसाकडून जरा मऊ येते.

आणायच्या दिवशी सकाळचं पहिलं काम ठेवा. सोबत छोटी मधाची बाटली, तिथे जे खात होतं त्याच खाण्याची आठवडाभराची पुडी, आणि पहिले काही आठवडे दर तीन-चार तासांनी भरवायची तयारी. सासूबाई घरी आहेत म्हणूनच मी तुम्हाला पॉम घ्या म्हणतेय. दोघंही नोकरीवर आणि घर कुलूपबंद असतं तर नको म्हटलं असतं. दूध-पोळी मात्र राणीबरोबर गेली हे त्यांना तुम्हीच सांगा. आणि त्या बाईंच्या घरून निघताना पिल्लांच्या टोपलीत अंथरलेलं एखादं फडकं मागून घ्या. न धुतलेलं. पहिल्या रात्री तेच त्याच्या गादीत ठेवा.